कंबर बांध, कडी काढ

तलावटोली, ता. साकोली
१२ नोव्हेंबर २०२४

जिजाबाई,

राम राम. अक्षर पाहून कोणा पोराटोरानं लिवलं असं समजू नको. तुझा धाकटा भाऊ धनीरामच लिवून राहिला, डाव्या हातानं. उजवा अजून मांडीवर पडून आहे, मूठ वळून, झोपल्या मांजरासारखा.

मी फोन घेत नाही म्हणून तू भावजयीजवळ, दुर्गाजवळ रडली म्हणे. अवं बाई, फोनवर माझी जीभ अडते. एक शब्द काढायचा तं दुसराच निघते, तिकडून तू रडते, इकडून मी फोन आपटतो. कागदाचं बरं आहे. शब्द सापडेपर्यंत थांबून राहते, हूं का चूं करत नाही.

हायवेवर गाडीवरून पडलो त्याले आता नऊ महिने झाले. डोस्क्याची जखम बुजली, केस आले. नागपूरचे डॉक्टर म्हणत, हात चांगला आहे, हाड चांगलं आहे, पण मेंदूतून हाताले हुकूमच जात नाही. मी म्हटलं, वा! निरा सरकारी कारभार.

दिवसभर करतो काय, ते ऐक. सकाळी दुर्गा धानाच्या कापणीले जाते, पोरगी ज्योत्सना साकोलीले कॉलेजात. जाताना दुर्गा बाहेरून कडी लावते. हो, कडी! दसऱ्याले मी एकटाच तलावावर गेलो, डोंग्यात पाय टाकला अन् चिखलात उपडा पडलो. आपल्या मच्छीमार संस्थेच्या घनश्यामनं ओढून काढलं. तेव्हापासून हा बंदोबस्त. खिडकीतून तलाव दिसते, पाण्यावर चालणारे लोकायचे डोंगे दिसतात. पाहत बसायचं. कडीचा आवाज बाहेरून कसा येते ते सगळ्यायले माहीत आहे. आतून कसा येते ते मले विचार.

मागच्या महिन्यात भंडाऱ्याहून रक्षा मॅडम आल्या, हाताचा व्यायाम शिकवतात त्या. त्यायनं टीव्हीवर एक डब्बी बसवून देली. डब्बीले डोळा आहे. आपण समोर खुर्चीवर बसून हात हलवला का टीव्हीतली टोपली हलते. वरून आंबे पडतात, ते झेलायचे. दिवाळी झाली अन् आमच्या घरी आंबे पडून राहिले! एक झेलला का टीव्हीतली बाई म्हणते, 'बहुत बढ़िया!' तिचं काय जाते. शंभरातून किती झेलले तो आकडा आपोआप मॅडमच्या मोबाइलवर जाते. काल माझे नऊ. तलावात जाळं फेकणारा पंचेचाळीस वर्षाचा माणूस नऊ आंबे झेलून घामानं ओला झाला.

हे सप्पा काहून करतो? होळीच्या आधी संस्थेचं मोठं जाळं पडन. आपली रीत तुले ठाऊक आहे. ज्या घरचा हात जाळ्याच्या दोरीले लागला नाही, त्याले त्या वर्षी तलावात मासे धरणं बंद, अन् लागोपाठ दोन वर्षं नाही लागला तं नावच कटलं. मागच्या होळीले मी दवाखान्यात होतो. यंदा हात नाही लागला तं बाबाच्या वेळेपासूनचा आपला तलाव गेला. बस, एवढंच एक डोस्क्यात आहे.

तुझी सासू कशी आहे, लिव. फोन नको करू.

तुझा भाऊ,
धनीराम


बपेरा, ता. तुमसर
२७ नोव्हेंबर २०२४

धनीराम भाऊ,

पोस्टमन श्यामराव पाकिटावरचा पत्ता पाहून म्हणे, 'काकू, माहेरी कोणी लहान पोरगं शाळेत जाते का?' मी म्हटली, हो, पंचेचाळीस वर्षाचं आहे, यंदाच घातलं.

भाऊ, पत्र चारदा वाचलं. हसली बी अन् रडली बी. पण एका गोष्टीत मी दुर्गाच्या बाजूनं आहे, राग आला तं पाणी पी. तू चिखलात पडला तेव्हा त्या बाईचं काय झालं असन? कडी लावायले कोणाले हौस नसते.

मले माहीत आहे, कारण मीबी लावते. सासूबाईले, आमच्या रंभाबाईले, आता काहीच आठवत नाही. ऐंशीच्या वर गेल्या अन् लहान पोरीसारख्या माहेरी जाते म्हणून नदीच्या वाटेले लागतात. दोनदा लोकायनं आणून सोडल्या. मंग मी शेतात गेली का कडी. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी कडी लावताना माझा हात थांबला. आतून त्या म्हणाल्या, 'कोण आहे वो?' मी कडी लावली अन् गेली. काय करू सांग. तोंड दाबून बुक्क्यायचा मार आहे. तुले पाहायले येता येत नाही ते बी याच्याच पायी.

तू आंबे झेल. दर पत्रात आकडा लिव, अन् खरा लिव. लहानपणी जाळं फाडून आणायचा अन् मगरीनं फाडलं म्हणायचा. आपल्या तलावात मगर कधी होती रे?

तुझी बहीण,
जिजा


तलावटोली
२२ डिसेंबर २०२४

जिजाबाई,

बस खाली, मंग वाच. पंच्याऐंशी! शंभरातून पंच्याऐंशी!

तुले लिवल्यावरबी पंधरा दिवस नऊ, बारा, चौदा, असं रडतरडत चाललं होतं. खुर्चीवर बसून हात उचलतो म्हटलं तं खांद्यापर्यंत शिरा ताणायच्या अन् टोपली जागची हलायची नाही. एक दिवस डोस्कं फिरलं. खुर्चीले लाथ मारली अन् उभाच राहिलो. डावा पाय पुढं, उजवा मांगं, जाळं फेकताना राहतो तसा. कंबरेतून झोक देला, अन् काय सांगू बाई, टोपली सर्रकन त्या टोकाले! एकसष्ट झाले त्या दिवशी. मंग अठ्ठ्याहत्तर. काल पंच्याऐंशी. मॅडमचा मेसेज आला, 'धनीरामजी, कमाल केली!' ज्योत्सनानं मोठ्यानं वाचून दाखवला, मी तिले दोनदा वाचायले लावला.

घनश्याम आला होता, शिंगाडे घेऊन. संस्थेचा अध्यक्ष झाल्यापासून जरा फुगून चालते, पण माझ्यासाठी मनाचा चांगला आहे. आकडा पाहून म्हणे, 'मंग यंदा दोरीवर पहिला हात तुझाच.' मी शिंगाडे खात होतो, ज्योत्सना सोलून देत होती, अन् खरं सांगतो, मले रडू आलं. शिंगाड्याचं टोक रुतलं म्हटलं.

कडी मातर अजून लागते. दुर्गा म्हणते, आंबे वेगळे अन् चिखल वेगळा. सात-आठ घंटे मी अन् ती टीव्हीतली बाई. ती बढ़िया म्हणते, मी तिले शिव्या देतो. होळीपर्यंत काढतो कसेतरी.

धनीराम


बपेरा
३ जानेवारी २०२५

भाऊ,

पत्र वाचून आधी देवाजवळ दिवा लावला. मंग रात्रभर झोप नाही. आता लिवते ते गोड नाही, पण दुसरं कोण लिवन तुले?

बाबा तलावाच्या पाळीवर, बांधावर उभं राहून तुले शिकवत ते आठवते का? मले शिकवत नव्हते, मी मांगं टोपली घेऊन उभी राहत होती. पण कान माझेबी होते. 'धन्या, जाळं हात नाही फेकत, कंबर फेकते. हातानं नुसतं सोडायचं.' हजारदा म्हटलं असन त्यायनं.

मंग मले सांग, पंच्याऐंशी आंबे कोणी झेलले? हातानं का कंबरेनं? डब्बीले डोळा आहे म्हणतो, पण तो डोळा काही जाळं फेकणाऱ्या ढिवराचा नाही. तू झोकला का तुझा हात दोरीच्या टोकासारखा मांगं मांगं जात असन अन् तिले वाटत असन, वा, हात हलला! आपल्याशिवाय हे कोणाच्या ध्यानातच येणार नाही. मॅडमच्याबी नाही.

अन् हात एवढा बरा आहे तं शिंगाडे पोरीनं काहून सोलले?

एक कर. पाठ भिंतीले टेकवून खाली बस. टेकलेलीच राहू दे. अन् उजवा हात उचल. किती उचलला ते मले लिव. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण तुझी मूठ झाकून चालणार नाही, भाऊ. दोरीवर पन्नास माणसं पाहतीन.

रागावला तं रागाव.

जिजा


तलावटोली
९ फेब्रुवारी २०२५

बाईले दुर्गाचा नमस्कार.

मी सांगून राहिली अन् ज्योत्सना लिवून राहिली. तुमचं पत्र टीव्हीच्या खाली सापडलं. महिनाभर यायनं तुमाले लिवलं नाही, त्याचं कारण तेच.

पत्र आलं त्या दिवशी मी घरीच होती. यायनं वाचलं, भिंतीले टेकून बसले. हात उचलायले गेले. बाई, गुडघ्याच्या वर आला नाही. मंग त्या हाताले डाव्या हातानं मारायले लागले. मी धरलं तं मलेबी लागलं. लहान लेकरासारखे रडले. अन् दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उभे राहून झोके! ब्याण्णव झाले.

आता सांगायची गोष्ट अशी का, मॅडमनं ब्याण्णव पाहून फोन केला. म्हणे, आता डब्बीची गरज नाही, पुढच्या महिन्यात तीन तारखेले येते अन् लाखनीच्या एका पेशंटले नेऊन देते. हे हसून 'हो' म्हणाले. एवढं एक 'हो' बरोबर निघालं त्यायच्या तोंडून!

अन् मी चूप बसली. माझाबी गुन्हा आहे. मले वाटलं, आकडा पाहून घनश्यामभाऊ यायले दोरीवर उभं करतीन, बाकीचे ओढतीन, यायचा हात नुसता लागला तरी नाव राहीन. तलाव गेला तं आमी काय करू? पण डब्बी गेली अन् हात असाच राहिला तं? जन्मभर हा माणूस खिडकीत अन् मी कडीवर. मी लाखोरीच्या शेतात असते, पण दिवसभर मले तीच कडी ऐकू येते.

माझं ते ऐकत नाहीत. तुमचं ऐकतीन.

तुमची,
दुर्गा

(आत्या, मी ज्योत्सना. बाबा रोज खेळ झाल्यावर टीव्ही बंद करून त्याच्यात स्वतःले पाहत बसतात. लवकर लिव.)


बपेरा
१४ फेब्रुवारी २०२५

धन्या,

भाऊ म्हणत नाही आज.

तू मॅडमले फसवलं नाही, स्वतःले फसवलं. डब्बी चालली लाखनीले. ती गेली का तुझ्याजवळ काय राहीन? ब्याण्णवचा आकडा अन् एक मेला हात. तो आकडा डोंग्यात बसवशील का तलावात नेऊन?

तुले लाज वाटते, मले समजते. मलेबी वाटते. तुझ्यावर तोंड टाकते अन् इथं एका म्हातारीले कोंडून ठेवते. तुले खरं बोल म्हणायचं तं मीबी काही करायले पायजे. काल कडी लावली नाही. सासूबाई निघाल्या, मी बरोबर निघाली. म्हटलं, चला, तुमच्या माहेरी. नदीपर्यंत गेलो. तिथं बसलो. त्या म्हणाल्या, 'पाय दुखते वो, घरी जाऊ.' एवढंच होतं! अर्ध्या दिवसाचं काम बुडलं, बुडू दे.

आता तुझी पाळी. डब्बी जायच्या आधी मॅडमले सांग. जीभ अडली तं हे पत्र तिच्या हातात दे.

जिजा


तलावटोली
५ मार्च २०२५

जिजाबाई,

देलं. तुझं पत्र मॅडमच्या हातात देलं. तोंडानं सांगायले गेलो तं 'कंबर, कंबर' एवढंच निघत होतं, त्यायले वाटलं माझी कंबर दुखते!

त्यायनं वाचलं. दोनदा वाचलं. मले वाटलं आता हाणतात. पण त्या खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या अन् म्हणाल्या, 'चूक माझी पण आहे धनीरामजी. आकडे पाहिले, तुम्हाला खेळताना पाहिलं नाही.' मंग मले म्हणे, जाळं फेकून दाखवा. मी उभा राहून झोक देला. त्या हाताकडे नाही, कंबरेकडे पाहत होत्या. म्हणे, 'हे मी कुठंच शिकले नव्हते.'

मंग काय केलं माहीत आहे? दुर्गाच्या जुन्या लुगड्याचा पट्टा मागितला अन् माझी छाती-कंबर खुर्चीच्या पाठीले करकचून बांधली. म्हणे, आता कंबरेले सुट्टी, जे करायचं ते हातानं. डब्बी चालू केली. आंबे पडायले लागले. मी बांधलेला, घामाघूम, टोपली तिथंच. सहा झाले. ब्याण्णवचे सहा! टीव्हीतली बाई तरी म्हणते, 'बहुत बढ़िया!' मी म्हटलं, ही भवानी कोणाचीच नाही.

डब्बी राहिली. लाखनीच्या माणसाले दुसरी पाहतो म्हणाल्या.

मॅडम गेल्यावर दुर्गा पट्टा सोडायले आली. मी तिचा हात धरला. लिवून ठेवलं होतं आधीच, कारण बोलायले वेळ लागते. कागद तिले देला: रोज सकाळी माझी कंबर बांध, पण कडी काढ. मी तलावावर एकटा जाणार नाही, बाबाची आण. आत कोंडलेला माणूस खोटं बोलते, दुर्गा, दुसरं त्याच्याजवळ करायले काहीच नसते.

तिनं कागद ज्योत्सनाकडून वाचून घेतला. दुसऱ्या दिवशी गेली तं खट् आवाज झाला नाही. मी वाट पाहत होतो आवाजाची, झालाच नाही.

बारा तारखेले जाळं आहे. सहा आंब्यायच्या हातानं दोरी धरायची कशी, ते मले दिसत नाही. पण घनश्यामले सांगून टाकलं, आकडा खोटा होता म्हणून.

धनीराम


तलावटोली
१८ मार्च २०२५

जिजाबाई,

बारा तारखेले सकाळी ज्योत्सनाचा खांदा धरून पाळीवर गेलो. वर्षभरानं सप्पा माणसं एका ठिकाणी पाहिली. कोणी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, हाताकडेच.

घनश्याम म्हणे, ठेव तं खरं दोरीवर. त्यानं दोरी माझ्या मुठीत घालून देली. मूठ वळलेलीच आहे, दुरून पाहिलं तं दोरी धरल्यासारखी दिसते. चार जण म्हणाले, चालते, लागला हात, लिवा नाव. बाई, त्या घटकेले नुसतं चूप राहिलो असतो तं नाव राहिलं असतं. पण मले दिसत होतं, मुठीनं दोरी धरली नव्हती, दोरी नुसती अडकली होती. पहिली ओढ बसली असती तं मी पाण्यात अन् मांगून सप्पा ओळ. बोलायले गेलो तं जीभ अडली. पन्नास माणसं थांबली. शेवटी निघालं. म्हटलं, 'हात नाही.'

बायका टोपल्या घेऊन मांगं उभ्या राहतात ना, तिथून दुर्गा आली. टोपली ज्योत्सनाजवळ देली, पदर खोचला, माझ्या मुठीचं एकेक बोट उघडलं अन् दोरी काढून घेतली. म्हणे, 'घरचा हात पायजे ना? हा घ्या.' म्हातारे कुरकुरले, बाईमाणूस दोरीले कधी झालं नाही. घनश्याम म्हणे, 'रीत घरच्या हाताची आहे, मिशीची नाही. ओढा!' त्या दिवसापुरता तो फुगला तं मी माफ केलं.

दुपारपर्यंत ओढलं तिनं. गळ्याइतक्या पाण्यात. हजेरीत तिचं नाव लागलं, माझं कटलं. घराचा तलाव राहिला.

खरं लिव म्हणाली होती, तं लिवतो. मले खुशी नाही झाली. राग आला. खोटं काहून बोलू, तिचाच राग आला. पाळीवर बसून डाव्या हातानं ढेकळं फोडत होतो. सायंकाळी तिच्या तळहाताले फोड आलेले पाहिले तेव्हा मान खाली गेली. तेल लावून देलं. तिनं माझा उजवा हात मांडीवर घेतला अन् म्हणे, 'यालेबी लावा, यानंबी आज खरं काम केलं.' कोणतं काम ते मी विचारलं नाही.

कडी आता उघडीच असते. तुले वाटन मी गावभर फिरत असन. नाही वो. उंबऱ्यापर्यंत जातो, बसतो, कोणी येताना दिसलं का आत येतो. कडी काढली तरी पाय निघत नाही, हे मले कोणी सांगतलं नव्हतं. रोज कंबर बांधून आंबे झेलतो. काल अकरा. खरे अकरा, हाताचे.

तुले सासूबाईले सोडून येता येत नाही, तं त्यायले घेऊनच ये. माहेरी चला म्हण, खुशीनं निघतीन. त्या अन् मी उंबऱ्यावर बसू.

खालची ओळ उजव्या हाताची आहे. दुर्गानं कंबर बांधली अन् पेन बोटात अडकवून देला. सकाळी बसलो, तिचा भात शिजून जेवणं झाली तरी पुरी नव्हती. वाचता आली तं कळव.

बाई ये दार उघडं